गाडीचा मेंदू कोरडा ठेवण्याबाबत

१२ जून २००५, रविवार

निवृत्त होऊन आज बारा दिवस. एवढ्यात घरातले चारही पंखे खोलून साफ केले, दारावरच्या बेलचा आवाज बदलला आणि मिक्सर दुरुस्त केला. मिक्सर बिघडलेला नव्हता. आता बिघडलाय. यशोदेने सकाळी चहाचा कप पुढे ठेवला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "अहो, तुम्ही आता बाहेर काहीतरी बघा. घरात उघडण्यासारखं काही उरलं नाही."

आणि दुपारी चार वाजता मोहिनी दारात. मोहिनी म्हणजे आमच्या प्रेसमधल्या फकिराची मुलगी, आता डॉक्टर. पंचवटीत डोंगर आरोग्य मंडळ म्हणून छोटी संस्था आहे, तिचा फिरता दवाखाना ती चालवते. दर गुरुवारी जीप घेऊन पेठच्या पुढे उंबरपाड्याला जायचं. पाड्याच्या चार किलोमीटर अलीकडे डांबरी रस्ता संपतो, मग एक नाला लागतो आणि त्याच्यावर पूल नाही. जुनी जीप पंधरा वर्षं तो नाला निमूट ओलांडत होती, कारण तिच्यात भिजून बिघडेल असं काही नव्हतंच. यंदा देणगीत नवी कोरी गाडी मिळाली. तिचं इंजिन कॉम्प्युटर चालवतो. हा कॉम्प्युटर बॉनेटखाली एका पत्र्याच्या पेटीत असतो, परवाच्या वळवाच्या पावसात जरासा भिजला आणि गाडी दोन दिवस उभी. सर्व्हिसवाल्यांनी हात झटकले. पाण्याने झालेलं आमच्या वॉरंटीत बसत नाही म्हणाले.

"काका, यादवरावांनी सांगून टाकलंय," मोहिनी म्हणाली. यादवराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. "या पावसाळ्यात गाडी एकदा जरी नाल्यात अडकली, तरी दसऱ्यापर्यंत पाड्याच्या फेऱ्या बंद. आणि तिकडे साळूबाई आहे. सातवा महिना लागलाय, रक्तदाब वाढतोय, आधीची दोन मुलं गेलेली. तिला मला दर आठवड्याला बघायलाच हवं."

चौतीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात विजेचं खातं सांभाळलं. एक पेटी कोरडी ठेवायची म्हणजे काय मोठं काम? हो म्हणून टाकलं. यशोदा आतून एवढंच म्हणाली, "बरं झालं बाई तू आलीस."

१५ जून

तीन दिवस पंचवटीत जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होतो. जाड ॲल्युमिनियमचा डबा करून घेतला. कॉम्प्युटर त्याच्या आत. वायरी जिथून आत जातात तिथे रबर, रबरावर सिलिकॉन, सिलिकॉनवर पुन्हा सिलिकॉन. झाकणाला रबरी रिंग हवी होती, बाजारात मापाची मिळेना. घरच्या पाच लिटरच्या कुकरची रिंग चपखल बसली. मुंगीलाही आत जायला जागा नाही.

रात्री भात पातेल्यात शिजला होता. का, ते यशोदेने विचारलं नाही. तिला कळलंय.

१६ जून, गुरुवार

पहिली फेरी. मीही गेलो. ड्रायव्हर देवराम, चाळिशीचा, सडपातळ, बोलायला कंजूष. मूळचा उंबरपाड्याचाच, आता बायको-मुलांना घेऊन पेठ रोडला खोली करून राहतो.

नाल्याशी आल्यावर त्याने गाडी बंद केली, उतरला आणि बॉनेट उघडं टाकलं. मला वाटलं काही बिघडलं.

"काय झालं?"

"काय नाय साहेब. गाडी तापलीय."

"मग?"

"तापल्या अंगानं पान्यात नाय घालायची."

मी त्याला समजावलं की हा बैल नव्हे, ही मायक्रोप्रोसेसरवाली गाडी आहे आणि डबा हवाबंद आहे. त्याने मान डोलावली आणि दगडावर बसून बिडी पेटवली. दहा मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली. मोहिनी तोवर औषधांच्या खोक्यावर बसून कागद भरत होती, तिला याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

मग मात्र गाडी अशी नाल्यात घातली की मी देवाचं नाव घेतलं. पाणी बंपरच्या वर. पण इंजिन एकदाही अडखळलं नाही. पलीकडे जाऊन मी पहिल्यांदा डबा उघडला. आत कोरडं ठणठणीत! छाती दोन इंच फुगली. साळूबाईला पाहिलं. विशीतली पोर, एवढीशी, पोट तेवढं मोठं. तिची सासू अक्काबाई मला म्हणाली, "गाडी तुमी नीट केली का? बरं केलं." असा दाखला प्रेसमधल्या कुठल्या साहेबाने कधी दिला नाही.

२६ जून, रविवार

निफाडला मेव्हण्याकडे. पुंजाची द्राक्षाची बाग आहे, शेजारी पॅकिंगचं शेड. हंगाम एप्रिलातच संपला, शेडात नुसते खोके आणि सामान पडलेलं. त्यात मला घबाड सापडलं. द्राक्षं परदेशी पाठवताना पेटीत वर एक पांढरा कागद घालतात, त्याच्यात पुडीपुडीने पावडर भरलेली असते. शेडात त्याला नुसतं 'गार्ड' म्हणतात. पुंजा नेहमी सांगतो, हा कागद घातला की माल लंडनला पोचेपर्यंत ताजा राहतो, सडत नाही.

माझ्या डोक्यात लगेच दिवा लागला. द्राक्ष सडतं कशाने? ओलीने. म्हणजे हा कागद ओल पितो. म्हणजे माझ्या डब्यात चुकून थेंबभर ओल गेलीच, तर हा तिथे बसलेला असेल! पुंजा बागेत होता, त्याला कशाला त्रास द्यायचा म्हणून विचारलं नाही. दहा-बारा कागद पिशवीत घातले. शोध असे लागतात.

८ जुलै

चौथी फेरी निर्वेध. डबा कोरडा, कागद कोरडा, पावडरसुद्धा जशीच्या तशी सुटसुटीत. मी आता दर फेरीला जात नाही. शुक्रवारी सकाळी देवराम गाडी घेऊन येतो, मी डबा उघडून बघतो आणि यशोदा त्याला चहा देते. साळूबाईचा रक्तदाब गोळ्यांनी जागेवर आहे असं कळलं.

यादवरावांचा फोन. "खंडेराव, मंडळाला तुमच्यासारखी माणसं हवीत." मी म्हटलं, छे छे. पण दोनदा म्हटलं नाही.

११ जुलै

मला एक गोष्ट सलत होती. नाल्यापाशी जाताना दहा आणि येताना दहा, अशी वीस मिनिटं दर गुरुवारी बिडीत जातात. पाड्यावर तीस-चाळीस माणसं खोळंबलेली असतात. वीस मिनिटांत चार रुग्ण तपासून होतात. हे सगळं मी एका कागदावर नीट आखून, वेळापत्रक करून यादवरावांना नेऊन दिलं. खाली सूचना लिहिली: 'पेटी पूर्णतः जलरोधक असल्याने नाल्यापाशी थांबण्याचे कारण नाही.' यादवरावांना वेळापत्रक म्हणजे जीव की प्राण. त्यांनी लगेच सही-शिक्का मारून गाडीत चिकटवायला लावलं.

देवरामने वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बरं साहेब." गरीब माणूस आहे, राग मनात ठेवत नाही.

१५ जुलै

काल न थांबता नाला पार. गाडी वीस मिनिटं लवकर परत आली. शिस्त लावली की लागते!

२२ जुलै

देवराम डबा दाखवायला आला तेव्हा म्हणाला, "साहेब, बॉनेटमधून वास येतोय. काड्यापेटीवानी."

मी हुंगून पाहिलं. खरंच, काडी ओढल्यावर येतो तसा, नाकात चावणारा. झाकण उघडलं तर कागद जरा ओलसर, पावडर गोळा झालेली. म्हणजे थेंबभर पाणी आत गेलं होतं आणि कागदाने ते पिऊन टाकलं होतं! मी देवरामला सांगितलं, हे औषध काम करतंय त्याचा वास आहे. त्याला काही पटलेलं दिसलं नाही. सगळ्यांनाच शास्त्र पटतं असं नाही. नवा कागद घातला.

२९ जुलै

वास वाढला. यशोदा चहा घेऊन बाहेर आली आणि खोकून परत आत गेली. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो आणि विझतो असं देवरामचं म्हणणं. कागद चिंब. ओल जास्त येते आहे हे उघड आहे, म्हणून या वेळी दोन कागद घातले.

५ ऑगस्ट

काल चढावर गाडी तीनदा आचके देऊन परत सुरू झाली. देवराम म्हणाला, "साहेब, नाल्याशी थांबू का थोडं? पयल्यासारखं?" मी म्हटलं, थांबण्याचा आणि आचक्यांचा काय संबंध? डिझेलमध्ये कचरा असेल. चार कागद घातले. मोहिनी म्हणाली साळूबाईचे दिवस भरत आलेत, पुढच्या गुरुवारी तिला सोबतच नाशिकला आणायचं, सिव्हिलमध्ये ठेवायचं.

११ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी सातला मोहिनीचा फोन आला. गाडी नाल्यात बंद पडली. जाताना नाही, येताना, मधोमध. आत साळूबाई.

बाकीचं उद्या लिहीन.

१२ ऑगस्ट

काय झालं ते मोहिनीने सांगितलं तसं लिहितो. नाल्याच्या मध्यात इंजिन गप्प झालं, परत लागेचना. पाणी सीटखाली यायला लागलं. साळूबाईच्या कळा तिथेच सुरू झाल्या. देवरामने तिला पाठीवर घेऊन पाण्यातून बाहेर काढलं, पाड्यावरून माणसं बोलावली, बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि दोन-अडीच किलोमीटर चालत डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. पुढचा दांडा शेवटपर्यंत देवरामच्याच खांद्यावर. तिथून एका भाजीच्या टेम्पोतून पेठच्या दवाखान्यात. मुलगी झाली. बारीक आहे, पण दोघी जिवंत आहेत. हे लिहिताना मला रडू आलं, कबूल करतो.

दुपारी ट्रॅक्टरने जीप ओढून आणली. डबा उघडला. पाण्याचा चमचाभर थर, कागदांचा लगदा आणि कॉम्प्युटरच्या पिनांवर हिरवी-पांढरी बुरशी चढल्यासारखं काहीतरी. दोन पिना तर हात लावताच तुटल्या.

यादवराव शेजारीच उभे होते. "खंडेराव, हे कशाने?" मी एवढंच म्हणालो की पाणी आत गेलंय, म्हणजे गाडी पाण्यात बेताने घातली नसणार. एवढंच. देवरामचं नाव मी घेतलं नाही.

१४ ऑगस्ट

यादवरावांनी देवरामला कामावरून काढलं. पाड्याच्या फेऱ्या दसऱ्यापर्यंत बंद. नवा कॉम्प्युटर मुंबईहून यायला दोन आठवडे आहेत.

वाईट वाटतं. पण मंडळाचा निर्णय आहे, त्यात मी काय बोलणार? ड्रायव्हर माणसाला दुसरीकडे काम मिळतं.

१६ ऑगस्ट

यशोदा जेवण झाल्यावर पिशवी घेऊन बाहेर पडली, संध्याकाळी सहाला परत. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणाली, भाजीला. चार तास भाजी! आणि पिशवी रिकामी. शिवाय लाडवांचा डबाही फडताळात दिसत नाही. काल तर भरलेला होता.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

यशोदेला राखी बांधायची होती म्हणून निफाडला गेलो. डबा सोबत घेतला. पुंजाला दाखवायचं होतं की द्राक्षाच्या कागदालासुद्धा एवढं पाणी झेपलं नाही, म्हणजे नाल्याला किती पाणी असेल.

पुंजाने झाकण उचललं आणि झटक्यात तोंड मागे घेतलं.

"दाजी, हा तर आमच्या शेडातला वास! ह्याच्यात गार्ड घातला होता का काय तुम्ही?"

"हो. ओल प्यायला."

त्याने डबा खाली ठेवला. मग हसू दाबत म्हणाला, "अहो, गार्ड पाणी पीत नाय. ह्याला ओल लागली का ह्यातून गंधकाचा वायू सुटतो. तो बुरशी मारतो म्हणून द्राक्ष टिकतं. द्राक्षाला चांगला, पन लोखंड-तांबं खातो. आमच्या शेडातल्या कात्र्या बघा, दर हंगामाला गंजून जात्यात. अन् तुम्ही लय हुशारीनं तो बंद डब्यात कोंडला."

शेडात काम करणारी विठाबाई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. हसायला की वासाने, ते कळलं नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, वायू समजला. पण हवाबंद डब्यात पाणी गेलंच कसं? चार फेऱ्या तर थेंब गेला नव्हता. यावर यशोदा राखीचं ताट आवरता आवरता म्हणाली, "गरम भाजीचा डबा झाकण लावून गार पाण्यात ठेवला की झाकण आत ओढून घेतं ना? मग उघडता उघडत नाही. तसंच काहीतरी असेल." आणि ताट घेऊन आत गेली.

मी तिथेच खुर्चीवर बसलो. तापलेला डबा एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि फटीफटीतून पाणी ओढून घेते. म्हणजे माझी रिंग, माझं सिलिकॉन, सगळ्यांना चुकवून त्याने पाणी आत ओढलं असणार. आधी डबा थंड होऊ दिला तर ओढणार नाही. दहा मिनिटांत डबा थंड होतो. दहा मिनिटं.

पुंजाने पुरणपोळी वाढली. पहिला घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

२० ऑगस्ट

यादवरावांकडे जाऊन सगळं सांगायला हवं. आज जाणार होतो, पण शनिवारी दुपारी ते झोपतात.

२१ ऑगस्ट

रविवारी कोणाच्या घरी जाणं बरं नाही.

२३ ऑगस्ट

पाऊस फार. गुडघाही दुखतोय. तसं बघायला गेलं तर थोडीफार चूक देवरामचीही आहे, त्याने नीट समजावून सांगायला हवं होतं. (हे लिहून दहा मिनिटं झाली. खोडावंसं वाटतं. राहू दे, वाचणाऱ्याला कळू दे मी कसा आहे ते.)

२५ ऑगस्ट, गुरुवार

मोहिनी आली होती. आज ती एसटीने गेली आणि पुढे कंबरभर पाण्यातून नाला ओलांडून चालत पाड्यावर. मंडळाची फेरी नव्हे, स्वतःची रजा टाकून. साळूबाईच्या मुलीचं वजन वाढत नाहीये. तिला नाशिकला लहान मुलांच्या डॉक्टरकडे आणायलाच हवं, आणि इतक्या लहान जिवाला पावसात चालत आणता येणार नाही. पण अक्काबाई ऐकत नाही.

"ती म्हणते, पुन्हा त्या गाडीत माझी सून बसणार नाही. देवराम माणूस चांगला, पण गाडी त्याला सांभाळता आली नाही."

"असं कोण म्हणालं त्यांना?"

"देवरामच. झोळी खाली ठेवल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, चूक माझी झाली."

मी उठून विनाकारण पंखा बंद केला, परत लावला. मोहिनी चहा न घेताच गेली. जाताना म्हणाली, "काका, तुम्ही हल्ली बरे दिसत नाही."

२६ ऑगस्ट

गेलो. यादवराव झोपलेले होते, उठवलं. गार्डचा एक कोरा कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पावडर, वायू, दहा मिनिटं, वेळापत्रक. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खंडेराव, त्या वेळापत्रकावर सही माझी आहे."

"सूचना माझी होती."

"लिहून द्या."

लिहून दिलं. त्यांनी वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि म्हणाले की देवरामला परत घेऊ. आणि गाडी व्यवस्थित चालली तर एक फेरी करून बघू, त्या बाळासाठी. मला मंडळातून काढतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "काढून काय उपयोग? चूक कळलेला माणूस एकच आहे आपल्याकडे."

पेठ रोडला देवरामच्या खोलीवर गेलो. कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळे मजुरीला गेले. कुठे, ते तिला ठाऊक नाही.

घरी येऊन यशोदेला सांगितलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "गिरणाऱ्याला बघा. टोमॅटोच्या तोडणीला आहेत." हिला कसं माहीत, देव जाणे. बायकांना सगळ्या बातम्या लागतात.

२८ ऑगस्ट, रविवार

गिरणाऱ्याच्या पुढे एका टोमॅटोच्या शेतात सापडला. गुडघाभर चिखलात, क्रेट डोक्यावर. बायको शेजारच्या सरीत. मला बघून क्रेट खाली ठेवला.

मी सगळं बोलून टाकलं. मध्ये थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं. त्याने ऐकून घेतलं.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो. "थांबायला हवं हे तुला माहीत होतं. मग पाड्यावर चूक माझी असं का सांगितलंस? साहेबाचा हुकूम होता, हे सांगायचं की."

देवरामने हाताचा चिखल पँटला पुसला. "साहेब, चूक ड्रायव्हरची म्हटलं का लोक ड्रायव्हर बदला म्हणत्यात. ड्रायव्हर दुसरा मिळतो. चूक गाडीची म्हटलं का गाडीत कोणीच बसत नाय. मंग गुरुवारचा दवाखाना कसा चालायचा? पोरीबाळी कशा यायच्या?"

मी बांधावर बसलो. त्याच्या बायकोने टोमॅटो पुसून माझ्या हातात दिला. तो खाऊन झाल्यावर मी विचारलं, "येशील परत?"

"येतो. पन पाड्यावर सांगायचं काय?"

"खरं ते सांगू. मी सांगेन."

"बसतील का मंग?"

"माहीत नाही."

"मला बी नाय," तो म्हणाला आणि हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

३१ ऑगस्ट

नवा कॉम्प्युटर बसवला. या वेळी बॉनेटखाली नाही, आत डॅशबोर्डच्या मागे, उंचावर. हवाबंद डबा रद्द. झाकणाखाली मोकळी हवा, तळाला एक भोक, पाणी आलं तर पाणी खाली जाईल. वायरी पेटीत शिरण्याआधी खाली लोंबत्या सोडून मग वर घेतल्या, म्हणजे थेंब वायरीवरून खाली पडेल, आत जाणार नाही. सगळं देवराम शेजारी उभा असताना केलं, त्याला विचारून. दोन ठिकाणी त्याने "नाय" म्हटलं आणि दोन्ही ठिकाणी मी बदललं.

१ सप्टेंबर, गुरुवार

घरी येऊन लगेच लिहितो आहे, कपडे न बदलता.

नाल्यापाशी देवराम थांबला, त्याचं जे जे असतं ते सगळं केलं, आणि गाडी कोरड्या पोटाने पलीकडे गेली. पाड्यावर अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. देवराम उतरला तेव्हा कोणी त्याच्याशी बोललं नाही. दोन बायका त्याला बघून आत गेल्या. मला तेव्हा कळलं की त्याने जे गमावलं त्यात नोकरी हा लहान भाग होता.

मी यादवरावांना लिहून दिलेल्या कागदाची नक्कल खिशातून काढली आणि मोठ्याने वाचली. '११ ऑगस्टला गाडी नाल्यात बंद पडली ती देवरामच्या चुकीने नव्हे. गाडीच्या पेटीत मी चुकीची वस्तू ठेवली. नाल्यापाशी थांबायचं नाही हा नियमही मीच करून घेतला. देवराम थांबत होता तोवर गाडी एकदाही बंद पडली नव्हती.' खाली माझं नाव. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

अंगणात कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. मग अक्काबाई म्हणाली, "म्हंजी देवराम आमाला खोटं बोलला."

"हो."

"तुमच्यासाठी?"

"तुमच्यासाठी. तुम्ही गाडीत बसायचं सोडू नये म्हणून."

तिने देवरामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मग ती आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं. आत गेलेल्या दोघी बाहेर आल्या.

"आन आता तुमी खरं सांगताय," ती माझ्याकडे वळली. "मंग सांगा, आमी बसायचं का नाय?"

मी नव्या पेटीबद्दल सांगायला तोंड उघडलं. तळाचं भोक, लोंबत्या वायरी, मोकळी हवा. मोहिनीने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी गप्प बसलो. दारात साळूबाई उभी होती, छातीशी लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं. गाठोड्यातून एक हात बाहेर आलेला, माझ्या अंगठ्याएवढा.

अक्काबाईने सुनेच्या हातातून ते गाठोडं घेतलं, माझ्यापाशी आली आणि माझ्या हातात ठेवलं.

"धरा. नाला पार होईस्तोवर तुमीच धरायची. मंग तुमालाच कळंल."

पुढच्या सीटवर बसलो. मागे साळूबाई, मोहिनी आणि अक्काबाई स्वतः. तीही बसली! नाल्यापाशी दहा मिनिटांची बिडी झाल्यावर देवरामने एकदा वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि गाडी पाण्यात घातली. पाणी चढत गेलं, दाराच्या फटीतून माझ्या चपलांपर्यंत आलं. इंजिनाचा आवाज मी आयुष्यात इतक्या लक्ष देऊन ऐकला नव्हता. मधोमध आलो तिथे अक्काबाईने मागून माझी सीट घट्ट धरली. जागा तीच असणार.

मग पुढची चाकं खडकाला लागली आणि चढ सुरू झाला. देवराम माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, झालं. आता श्वास घ्या."

पोरगी केव्हाच झोपली होती.